तारीख नसलेल्या वस्तू मुलांना कशा वाचायला शिकवायच्या? केळकर संग्रहालयाबद्दल एका शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सासवडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवता. नववीच्या चाळीस मुलांना पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्यायचं आहे. आधी स्वतः जाऊन आलात आणि दीड तासात सगळी दालनं बघून बाहेर पडलात. दिवे, अडकित्ते, कुलपं, वज्र्या (पाय घासायच्या), भांडी, वाद्यं, दरवाजे, सगळं देखणं होतं. पण बहुतेक वस्तूंबद्दल हाती लागतं ते नाव, धातू आणि फार तर शतक. "ना लढाई, ना राजा, ना सन. आजीच्या माळ्यावर असतं तेच काचेत ठेवलेलं बघून मुलं इतिहास काय शिकणार?"

मी बरीच वर्षं संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी करते आणि शाळांच्या गटांना दालनांतून फिरवते. मला तुमची अडचण कंटाळ्याची वाटत नाही. पाठ्यपुस्तकातला इतिहास नावं आणि सनावळ्या धरून चालतो आणि या वस्तूंकडे त्यातलं काहीच नाही. त्यामुळे पुस्तकाला विचारायचे प्रश्न आपण त्यांना विचारतो, उत्तर येत नाही आणि आपण पुढच्या काचेकडे सरकतो. प्रश्न बदलले की याच वस्तू भरभरून बोलतात. किती बोलतील हे मात्र काही गोष्टींवर ठरतं: त्या दिवशी गर्दी किती आहे, मुलांना काचेजवळ निवांत थांबता येतंय का, आणि त्यांच्या घरांत अशा वस्तू अजून वापरात आहेत का. तुमची मुलं गावातली आहेत. पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, चूल त्यांनी पाहिलेली असणार. शहरातल्या मुलांपेक्षा त्यांना इथे जास्त कळेल, हे मी अनुभवाने सांगते.

आधी तारखेचा प्रश्न मिटवू. पेशव्यांच्या कागदावर तारीख असते, शिलालेखावर बहुधा शक असतो. अडकित्त्यावर कोण कशाला सन कोरेल? उत्खननात मिळालेल्या वस्तूचा काळ ती ज्या थरात सापडली त्यावरून काढता येतो. केळकरांचा संग्रह उत्खननातून आलेला नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला आणि संग्रहाला त्याचं नाव मिळालं. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यातल्या सुमारे अडीच हजार वस्तूच दालनांत मांडलेल्या असतात. वाड्यांतून, घरांतून, बाजारातून आलेल्या अशा वस्तूला थर नसतो. तिचं शतक घडणीवरून आणि शैलीवरून अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून पाटीवर नुसतं शतक दिसलं तर तो आळस समजू नका. बहुतेकदा तेवढंच सांगता येतं.

आणि तारीख नसलेल्या वस्तूलाही कधीकधी भावंडं भेटतात आणि तिचा काळ उलगडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात मिळालेल्या प्राचीन वस्तू जमवल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालय आज तिथे आहे. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या अवशेषांत तशाच घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची हे पक्कं झालं. पुढे जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही याच धर्तीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. आता या तीन मूर्ती शेजारी शेजारी ठेवून बघा. मराठवाड्यातल्या दोन गावांचा सातवाहनकाळ आणि रोमशी असलेला व्यापार अभ्यासायला केवढा आधार मिळतो! तेरच्या मूर्तीवर कुणी सन कोरला नव्हता. तिची तिच्या भावंडांशी गाठ घालून द्यावी लागली.

केळकर संग्रहालयात मुलांना हेच शिकवायचं. एका वस्तूवर डोळे रोवायचे, तिच्या भावंडांशी ताडून बघायचं आणि अंदाज कारणासह मांडायचा. माझी पद्धत साधी आहे. पाटी वाचायच्या आधी चार गोष्टी बघायच्या: कशाची बनली, कशी बनवली, कुठे झिजली, आणि तिच्यात लागणारा माल कुठून यायचा. शेवटी पाचवा प्रश्न: ही इथे आहे, मग हिच्याबरोबरचं काय इथे नाही?

अडकित्त्यापासून सुरुवात करा. मुलांना तो विज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असतो, तरफेच्या दुसऱ्या प्रकारचं ठरलेलं उदाहरण म्हणून. टेकू टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. काचेतल्या एखाद्या पितळी अडकित्त्यासमोर मुलांना उभं करा आणि सांगा, आधी नक्षी बघायची नाही, फक्त पातं शोधायचं. बारकाईने पाहिलं तर पितळी अंगात बसवलेली गडद रंगाची लोखंडी पट्टी दिसते, बहुतेकदा रिव्हेटने पक्की केलेली. पितळेला धार टिकत नाही, सुपारी कठीण, म्हणून कापणारा भाग लोखंडाचा किंवा पोलादाचा. म्हणजे या एवढ्याशा वस्तूत दोन कारागिरांची विद्या आहे: पितळ ओतणाऱ्याची आणि लोहाराची. मग दांड्या किती लांब आणि जबडा किती तोकडा ते मापायला सांगा, नुसत्या नजरेने. दांडी जेवढी लांब तेवढा जोर कमी लागतो. काही अडकित्त्यांच्या दांड्या इतक्या बारीक आणि नाजूक असतात की अख्खी सुपारी फोडताना वाकतील. ते आधीच फोडलेल्या सुपारीची खांडं कातरायला असावेत, किंवा मिरवायला.

आता नक्षी. पोपट, मोर, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी असे आकार दिसतील. जोडीचे चेहरे नीट बघा. बाहेरच्या बाजूला, जिथे तळहात घासतो, तिथे नाक-डोळे गुळगुळीत झालेले आणि आतल्या बाजूला दागिन्याची रेघन् रेघ शाबूत, असं दिसलं तर हा अडकित्ता रोज कुणाच्या तरी हातात होता. सगळीकडे सारखीच टोकदार रेघ असेल तर तो क्वचितच वापरला गेला असावा. हा फरक एका मुलाने स्वतः शोधला की बाकीची मुलं पुढच्या प्रत्येक काचेशी नाक लावून उभी राहतात. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देणारा क्षण हाच.

मग माल. सुपारी कोकण, गोवा आणि कारवारकडची. कात खैराच्या झाडाचा. लवंग मात्र दूर मोलुक्का बेटांवरची (आजच्या इंडोनेशियातली) आणि सतराव्या-अठराव्या शतकात तिच्या व्यापारावर डचांची घट्ट पकड होती. दरबारात पाहुण्याला अत्तर-गुलाब आणि पानविडा देऊन निरोप द्यायचा, म्हणजे विडा हा राज्यकारभारातल्या शिष्टाचाराचा भाग होता. तुम्हाला पाठ्यपुस्तकातला 'युरोपीय व्यापारी कंपन्या' हा भाग शिकवायचा आहे ना? तो पानाच्या डब्याच्या काचेसमोर शिकवा. मुलांना लवंगेचा कप्पा दिसत असतो, त्यामुळे डच कंपनी कशासाठी भांडत होती हे वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे भांडी. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. हंडे, घंगाळं, तपेली, कळश्या बघताना मुलांना तीन खुणा शोधायला लावा. पहिली, ठोक्यांची. तांब्याच्या भांड्याच्या अंगावर शेजारी शेजारी बसलेले गोल ठसे दिसतात, त्याला मठार म्हणतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम आजही चालतं. मठार नुसता शोभेचा नसतो. तांबं ठोकलं की कडक होतं, तापवलं की पुन्हा मऊ पडतं. कारागीर तापवत, ठोकत भांडं चढवतो आणि शेवटच्या मठाराने पत्रा कडक होऊन भांडं टणक होतं, शिवाय झळकतं. सहल तेवढी लवचीक असेल तर संग्रहालयानंतर तांबट आळीत अर्धा तास न्या. ठोक्यांचा आवाज कानांवर पडल्यावर सकाळी पाहिलेलं भांडं वेगळंच कळतं.

दुसरी खूण सांध्याची. काही जुन्या भांड्यांच्या पोटावर दातेरी रेघ दिसते, दोन पत्र्यांचे दात एकमेकांत अडकवून डाख (धातू वितळवून केलेला सांधा) दिलेला. हातठोक्या भांड्याची ही ओळख. याउलट पत्रा सगळीकडे एकसारख्या जाडीचा असेल, अंगावर बारीक वर्तुळाकार रेघा असतील, तर यंत्रात लाटलेला पत्रा आणि चरकावरचं काम असण्याची शक्यता वाढते. असा पत्रा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. औद्योगिक क्रांतीचा आपल्या कारागिरांवर काय परिणाम झाला, हा परीक्षेतला मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दोन हंड्यांच्या पोटांवर शेजारी शेजारी वाचता येतं. एका भांड्यावरून निष्कर्ष काढू नका. दहा बघा आणि मग बोला, असं मुलांना बजावा.

तिसरी खूण आतली. भांडं कललेलं ठेवलेलं असेल तर आत डोकावून बघा, कुठेतरी चंदेरी पापुद्रा उरलेला असतो. ती कल्हई. तांब्या-पितळेत आंबट शिजवलं तर कळकतं, म्हणून आतून कथलाचा मुलामा द्यायचा. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापडाने पुसायचा. कथील आपल्याकडे जवळजवळ मिळत नाही, ते समुद्रमार्गे आग्नेय आशियातून यायचं. तांब्याचंही तसंच, अठराव्या शतकात डच लोक जपानचं तांबं हिंदुस्थानच्या बंदरांत आणून विकत होते. पितळेसाठी लागणारं जस्त राजस्थानात झावरला शेकडो वर्षं गाळलं जात होतं. समोरच्या हंड्यात नेमकं कुठलं तांबं आहे हे डोळ्यांनी सांगता येणार नाही, तसं मुलांना सांगूही नका. पण सासवडच्या परड्यातलं तपेलं आणि जपानची खाण यांच्यामध्ये एक रस्ता होता, एवढं त्यांना कळलं तरी 'गावगाडा स्वयंपूर्ण होता' हे वाक्य ती डोळे झाकून पाठ करणार नाहीत.

दिव्यांबद्दल थोडक्यात. लामणदिव्याची साखळी, समईतली वातीची खाच, तेल साठवायची जागा हे बघा आणि एकच विचारा: एवढ्या दिव्याच्या उजेडात काय करता येईल? वाचता येईल? सुईत दोरा ओवता येईल? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं आणि तेलाच्या दिव्यांचं काम हळूहळू देवघरापुरतं उरलं. कुलपं आणि वाद्यं मुलं आपसूकच बघतात, तिथे तुम्ही बोलायची गरज नाही. शस्त्रांच्या काचेसमोर मुलगे रेंगाळतील. त्यांना हाकलू नका, पण तिथे व्याख्यानही देऊ नका. तलवारींबद्दल त्यांना शाळेत भरपूर ऐकायला मिळतं.

पैठण शैलीची चित्रं मात्र चुकवू नका. कथा सांगणारे चित्रकथी ही चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातले प्रसंग गात. चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठे आणि वाटोळे, रंग ठाशीव, पार्श्वभूमी जवळपास मोकळी. मुलांना विचारा, असं का? मग सांगा की ही चित्रं भिंतीवर टांगायला नव्हती. रात्री, मिणमिणत्या उजेडात, दहा-पंधरा हातांवर बसलेल्या माणसाला राम कुठला आणि रावण कुठला हे कळायला हवं होतं. दिव्यांच्या दालनातून आलेल्या मुलांना हे पटकन उमगतं. हीच परंपरा सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी जिवंत ठेवली आहे, आणि तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. काचेतलं चित्र मुकं असतं. शक्य झालं तर त्याआधी वर्गात चित्रकथीच्या गायनाचं ध्वनिमुद्रण ऐकवा.

'मस्तानी महाल' बघताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: कोथरूडच्या मस्तानीच्या वाड्याचे अवशेष आणून इथे उभारलेली ही मांडणी आहे, मूळ जागेवरची वास्तू नव्हे. मुलं लगेच विचारतात, "मग हे खरं की खोटं?" त्या प्रश्नावर थांबा. लाकूड जुनं, जागा नवी, जुळणी आधुनिक. कुठला भाग कशाचा पुरावा आहे हे वेगळं करायला शिकणं म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.

आता पाचवा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एवढी पितळ-तांब्याची भांडी पाहून मुलांना वाटतं, पूर्वी सगळ्यांची घरं अशीच भरलेली होती. तसं नव्हतं. बहुसंख्य लोकांच्या घरी मातीची गाडगी-मडकी, लाकडी काथवट, बांबूच्या टोपल्या, पत्रावळी होत्या. त्या फुटल्या, कुजल्या, चुलीत गेल्या. धातूची वस्तू टिकते, पण तिलाही मोडीचा भाव असतो, म्हणून गरजेच्या वेळी तीच आधी बाजारात जाते. केळकर वस्तू जमवत होते तो विसाव्या शतकाचा काळ बघा: आधी ॲल्युमिनियम, मग स्टेनलेस स्टील घरांत शिरलं आणि पितळ मोडीत निघू लागलं. त्यांनी ते वितळण्याआधी गाठलं, हे त्यांचं थोर काम. पण जे गाठता आलं ते मुख्यतः धातूचं, लाकडाचं, घडणीचं, नक्षीचं. ज्यांच्याकडे नक्षीदार काही नव्हतंच त्यांचा संसार कुठल्याही संग्रहालयात कमीच दिसतो. पाण्याच्या हंड्यासमोर हेही विचारा: या हंड्याला हात कोण लावू शकत होतं आणि कोण नाही? मुलांनी १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह वाचलेला असतो. भांड्यासमोर उभं राहून तो धडा आठवला की पाण्याचा हक्क म्हणजे काय हे त्यांच्या मनात पक्कं बसतं.

व्यवस्थेचं सांगते. चाळीस मुलांना एका रांगेत सगळी दालनं फिरवू नका. आठ-आठचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एकच प्रकार द्या: अडकित्ते, भांडी, दिवे, चित्रं, दरवाजे. पहिली वीस मिनिटं सगळीकडे भटकू द्या, नाहीतर लक्ष लागत नाही. मग आपापल्या काचेशी जाऊन प्रत्येकाने एक वस्तू निवडायची आणि तिचं पेन्सिलीने चित्र काढायचं. चित्र सुंदर यायची गरज नाही. हात काढू लागला की डोळे थांबतात आणि सांधा, रिव्हेट, झीज दिसू लागते. मोबाईलवर फोटो काढून मुलं वस्तू न बघताच पुढे जातात, म्हणून फोटो शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा, तेही तिथल्या नियमांत बसत असेल तरच. पाटी सगळ्यात शेवटी वाचायची आणि आपला अंदाज तिच्याशी ताडून बघायचा. मांडणी अधूनमधून बदलते, काही दालनं बंदही असू शकतात. म्हणून आधी फोन करा आणि गट किती मोठा आहे ते कळवा. जमलं तर कमी गर्दीची वेळ मागून घ्या.

सगळ्या शाळांना हे असंच जमेल असं नाही. तुमच्याकडे एकच तास असेल तर अडकित्ते आणि भांडी एवढंच करा, बाकीचं सोडून द्या. मुलं लहान असतील, पाचवी-सहावीची, तर व्यापार वगळा आणि 'कशाची, कशी, कुठे झिजली' एवढ्यावर थांबा.

परत आल्यावर निबंध लिहून घेऊ नका. प्रत्येकाने घरातली किंवा शेजारची एक जुनी वस्तू घ्यावी आणि आम्ही करतो तशी तिची नोंद करावी: नाव (घरात म्हणतात तेच), कशाची, लांबी-रुंदी, वजन, घडणीच्या आणि झिजेच्या खुणा, कुणाकडून आली, कोण वापरायचं, शेवटची कधी वापरली, आणि हे कुणी सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख हवीच, कारण केळकरांना वस्तू देणाऱ्या कितीतरी घरांकडे जे सांगण्यासारखं होतं ते असंच हरवलं असेल. एकच सूचना त्यांना आधी द्या. वस्तू शाळेत आणायची म्हणून चिंचेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करू नका. काजळी, कल्हईचा पापुद्रा, तळाचा काळा थर हे घासताना निघून जातं आणि नोंदीच्या दोन ओळी रिकाम्या राहतात.